एकाच कोडच्या चार ब्रँच एकाच वेळी कशा सांभाळता? (हंगामात स्टॅश अंगाशी आला)

काटाघर
मंगळवार, रात्री ११:५०

मंडळी, आधी गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगतो, मग प्रश्न विचारतो.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं तिघांचं छोटं ऑफिस आहे. साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहितो. कोडमधले बदल गिटमध्ये नोंदवून ठेवतो, एकाच कोडची वेगळी चाललेली एकेक वाट म्हणजे एकेक ब्रँच. ट्रॉली काट्यावर चढली की इंडिकेटरवरचं वजन सिरियल पोर्टमधून प्रोग्रॅममध्ये येतं. गव्हाणीत ऊस उतरवून रिकामी गाडी परत आली की दुसरं वजन होतं, दोन्हीची वजाबाकी होते आणि पावती निघते. काम एवढंच, पण त्या पावतीवर शेतकऱ्याचं वर्षाचं बिल ठरतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यामुळं आकडा चुकला तर तो लगेच सापडायला लागतो.

मी नव्या मॉड्यूलवर काम करत होतो. गाडीचं मागच्या खेपेचं रिकामं वजन साठवून ठेवायचं आणि आजच्या वजनाशी ताडून बघायचं, असं ते मॉड्यूल. अर्धंच झालं होतं. रात्री साडेअकराला एका कारखान्याच्या काट्यावरून फोन आला, पावतीवर तारीख चुकीची छापली जातेय. मी चालू काम स्टॅश केलं, म्हणजे गिटमध्ये तात्पुरतं बाजूला ठेवलं, रिलीजच्या (कारखान्यांना द्यायच्या कोडच्या) ब्रँचवर गेलो, दोन ओळी दुरुस्त केल्या, बिल्ड केला (कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवला), सेटअप बनवून पाठवला. बाराच्या आत काम झालं म्हणून झोपलो.

पहाटे पाचला परत फोन. एक शेतकरी काट्यावरून हलायलाच तयार नव्हता. त्याच्या ट्रॅक्टरला त्या खेपेला दुसरी ट्रॉली जोडलेली होती. पावतीवर मात्र जुन्या ट्रॉलीचं रिकामं वजन छापून आलं होतं, ३२० किलोनं जास्त. म्हणजे त्याचा ऊस तेवढाच कमी दिसत होता. अशा वेळी लोकांच्या तोंडी लगेच ‘काटामारी’ हा शब्द येतो, आणि त्यांचं काय चुकतं? मी तिथं पोचलो तेव्हा नाक्यापर्यंत ट्रॅक्टर लागले होते आणि ड्रायव्हर लोक ट्रॉलीच्या आडोशाला शेकत बसले होते. काट्याच्या लॉगमध्ये खरी वजनं होती, म्हणून सकाळी १९ पावत्या दुरुस्त करून देता आल्या. त्या शेतकऱ्याला मी स्वतः जाऊन सांगितलं की चूक सॉफ्टवेअरची होती, काट्याची नव्हती.

झालं कसं, ते नंतर कळलं. स्टॅशनं सोर्स बाजूला ठेवला. पण बिल्ड झालेल्या फायलींचं आमचं बिन फोल्डर गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटनं सोडून द्यायच्या यादीत आहे, त्याला गिट हात लावत नाही. नव्या मॉड्यूलची डीएलएल, म्हणजे बिल्ड झालेली फाईल, तिथंच पडून होती. सेटअप बनवणारी स्क्रिप्ट बिनमधलं सगळं उचलते आणि प्रोग्रॅम तिथली सगळी मॉड्यूलं लोड करतो, म्हणून ते अर्धवट मॉड्यूलही काट्यावर चालू झालं.

सध्या माझ्याकडं त्याच रिपोच्या (गिटमधल्या कोडच्या) तीन वेगळ्या क्लोन, म्हणजे इतिहासासकट पूर्ण प्रती, पडल्या आहेत. एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत आणायची तर सर्व्हरवर पुश (पाठवायची), मग तिकडं पुल (ओढून घ्यायची). कुठल्या क्लोनमध्ये काय राहिलंय तेही लक्षात राहत नाही. तुम्ही लोक हे कसं करता?

---

उद्यमनगर_जुना
बुधवार, सकाळी ७:१५

भावा, पहिल्यांदा एक सांगतो, पहाटे उठून काट्यावर गेलास ते बरोबर केलंस.

आता मुद्द्याचं. तुला गिट वर्कट्री पाहिजे. नवीन काही नाही, जुलै २०१५ मध्ये आलेल्या गिट २.५ पासून आहे. त्याआधी गिटबरोबर एक जादा स्क्रिप्ट यायची, ती सिमलिंक करून हेच काम भागवायची. विंडोजवर तिचा उपयोग नव्हता.

आपण क्लोन केलेला रिपो म्हणजे खरं तर दोन वेगळ्या वस्तू एका फोल्डरात असतात. एक डॉट-गिट नावाचं कोठार, सगळे कमिट (नोंदवलेले बदल), सगळ्या ब्रँच, सगळा इतिहास त्यात. दुसरी म्हणजे समोर पसरलेल्या फायली, त्या कोठारातून काढून मांडलेली एक प्रत. कोठार एकच ठेवून अशा प्रती हव्या तेवढ्या मांडता येतात, हीच वर्कट्री.

‘गिट वर्कट्री अॅड’ लिहायचं, पुढं नव्या फोल्डरचा पत्ता, त्यापुढं ब्रँचचं नाव. ब्रँच नवीन काढायची असेल तर मध्ये ‘-बी’ आणि तिचं नाव. संपलं. नव्या फोल्डरात त्या ब्रँचच्या फायली येतात, जुन्या फोल्डरातली एक ओळही हलत नाही. स्टॅश करायची वेळच येत नाही.

नव्या फोल्डरात जाऊन बघ. तिथं डॉट-गिट आहे, पण तो फोल्डर नाही, फाईल आहे. नोटपॅडमध्ये उघड. एकच ओळ असते, ‘गिटडिर’ आणि पुढं मूळ कोठाराच्या आतला पत्ता. त्या पत्त्यावर ‘वर्कट्रीज’ फोल्डरात तुझ्या नव्या वर्कट्रीचं हेड आणि इंडेक्स ठेवलेलं असतं. म्हणजे कुठल्या ब्रँचवर उभा आहेस आणि काय स्टेज केलंयस (पुढच्या कमिटसाठी निवडलंयस), हे प्रत्येकीचं स्वतंत्र. कमिट, ब्रँच, टॅग, रिमोट, कॉन्फिग, हुक हे सगळं सामाईक.

तुझ्या तीन क्लोनांचं दुखणं यातच सुटतं. एका वर्कट्रीत कमिट केलंस की दुसरीत ते लगेच दिसतं, कारण कोठार तेच. थेट चेरी-पिक कर, म्हणजे तेवढाच कमिट या ब्रँचवर उचलून घे, सर्व्हरला मध्ये घेऊच नको. फेच (सर्व्हरवरचं नवं आणणं) पण एकदाच.

आणि तुझ्या डीएलएलचं. बिन आणि ओबीजे (बिल्डच्या मधल्या फायलींचा फोल्डर) प्रत्येक वर्कट्रीत आपापलं तयार होतं. रिलीजच्या फोल्डरात नवं मॉड्यूल कधी बिल्डच झालं नाही तर ते सेटअपमध्ये जाणार कुठून?

विंडोजवर आहेस म्हणून एक सांगून ठेवतो. वर्कट्री खोल फोल्डरात घालू नकोस. २६० अक्षरांच्या पत्त्याची मर्यादा तिथं आडवी येते. डी ड्राइव्हवर थेट ‘काटा’ फोल्डर कर, त्यात ‘मुख्य’, ‘रिलीज’, ‘तातडी’ अशी छोटी नावं दे. आणि रिपोच्या पोटातच वर्कट्री करू नकोस, एडिटरचा शोध दोन्हीकडच्या फायली दाखवत बसतो.

---

काटाघर
बुधवार, सकाळी ९:४०

सर, लई उपकार. लगेच करून बघितलं. ‘रिलीज’ झाली. मग तीच रिलीज ब्रँच ‘तपासणी’ नावाच्या आणखी एका फोल्डरात उघडायला गेलो तर गिटनं नकार दिला. ही ब्रँच दुसऱ्या वर्कट्रीत वापरात आहे, असं म्हणतंय. फोर्स करू का?

---

उद्यमनगर_जुना
बुधवार, सकाळी ९:५५

अजिबात नको. समज, दोन फोल्डरात एकच ब्रँच आहे. पहिल्यात कमिट केलंस, ब्रँचचं टोक पुढं सरकलं. दुसऱ्या फोल्डरातल्या फायली मात्र जुन्याच. तिथं ‘स्टेटस’ विचारलंस तर तू तो नवा बदल उलटा फिरवलायस असं दिसेल. नकळत कमिट केलंस तर खरोखरच उलटा फिरेल. तो नकार तुझ्या भल्याचा आहे.

फक्त बिल्ड करून बघायचं असेल तर ‘--डिटॅच’ देऊन अॅड कर. ब्रँच धरून न ठेवता त्या कमिटवरच्या फायली मिळतात.

---

विद्यानगर_वसतिगृह
बुधवार, दुपारी २:२०

मी शिवाजी विद्यापीठात एमसीएला आहे. एक शंका होती. स्टॅश प्रत्येक वर्कट्रीचा वेगळा असतो का? मी एका फोल्डरात स्टॅश केलं आणि दुसऱ्यात ‘स्टॅश लिस्ट’ बघितली तर तिथंपण तेच दिसालंय.

---

उद्यमनगर_जुना
बुधवार, दुपारी ३:०५

बरोबर दिसतंय. स्टॅश सामाईक आहे. म्हणून कुठल्या फोल्डरात उभं राहून पॉप करतोस (स्टॅश परत बाहेर काढतोस) ते बघून कर, आणि स्टॅश करताना संदेश लिहीत जा. बायसेक्ट मात्र प्रत्येकीचं वेगळं. चूक कुठल्या कमिटपासून आली ते एका फोल्डरात शोधत ठेवायचं आणि दुसऱ्यात आपलं काम चालू, असं बिनधास्त करता येतं. मला तर वर्कट्रीचा सगळ्यात जास्त उपयोग यासाठीच होतो.

---

राजारामपुरी_८वी_गल्ली
बुधवार, संध्याकाळी ६:३०

आम्ही वेबवाले. एका गोष्टीकडं लक्ष वेधतो, कारण नवीन माणूस हमखास इथं अडतो. वर्कट्रीत फक्त गिटला माहीत असलेल्या फायली येतात. पासवर्डवाली डॉट-ईएनव्ही फाईल येत नाही, नोड मॉड्यूल्स (बाहेरून बसवलेली पॅकेजं) येत नाहीत. पहिल्यांदा फोल्डर उघडून प्रोग्रॅम चालवला की तो पडतो आणि माणूस म्हणतो, वर्कट्री बिघडली. बिघडलेलं काही नसतं. डॉट-ईएनव्ही कॉपी करायची आणि पॅकेजं परत बसवायची. आम्ही पॅकेजं बसवायला पीएनपीएम वापरतो, तो ती एकाच ठिकाणी साठवून हार्ड लिंकनं जोडतो, त्यामुळं चार वर्कट्री असूनही डिस्क भरत नाही. पायथनवाल्यांनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट एकीकडून दुसरीकडं कॉपी करू नये. त्यात पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, प्रत्येक फोल्डरात नवंच करावं.

दुसरं पोर्टचं. दोन वर्कट्रीतले सर्व्हर एकाच वेळी ३००० वर चालणार नाहीत. मी प्रत्येक फोल्डरच्या डॉट-ईएनव्हीत वेगळा आकडा ठेवतो.

हल्ली एआयचे कोडिंग एजंट वापरताना तर वर्कट्रीशिवाय मी सुरुवातच करत नाही. दोघांना एकाच फोल्डरात सोडलं तर एकाच्या फायली दुसरा बदलून ठेवतो. प्रत्येकाला वेगळी वर्कट्री दिली की शेवटी मी एकेकीचा फरक शांतपणे वाचू शकतो.

---

शिरोली_एमआयडीसी
बुधवार, रात्री ९:१०

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. काटाघर, तुमच्या चार ब्रँच कशाच्या आहेत? एकेका कारखान्याची एकेक ब्रँच असेल, तर वर्कट्रीनं तुमचा त्रास सोपा होईल, पण संपणार नाही. फाउंड्रीच्या ईआरपीत (सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आम्ही सहा वर्षं गिऱ्हाईकागणिक ब्रँच ठेवल्या. एक दुरुस्ती सात ठिकाणी चेरी-पिक करायची, त्यातली एक राहायचीच, आणि ज्याची राहिली त्याचाच फोन यायचा. शेवटी सगळं एका ब्रँचवर आणलं आणि फरक कॉन्फिगरेशन फाईलमध्ये टाकले. सहा महिने गेले त्यात.

आणि मधेच काम सोडायचं असेल तर ‘अर्धवट’ असा साधा कमिट करून ब्रँच बदलली तरी चालतं की. कमिट आपल्या ब्रँचवर राहतो, स्टॅशसारखा भलतीकडं पॉप होत नाही. नंतर सुधारून घेता येतो.

---

काटाघर
बुधवार, रात्री १०:००

राग कसला, तुमचं म्हणणं पटतं. दोन कारखान्यांची पावती वेगळी आहे म्हणून दोन ब्रँच आहेत. ते कॉन्फिगरेशनमध्ये जायला पाहिजे आणि हंगाम संपला की करणार. हंगाम चालू असताना ज्या कोडवर काटा चालू आहे त्याची रचना बदलायचं धाडस मी करणार नाही.

‘अर्धवट’ कमिटबद्दल मात्र मी सहमत नाही. माझी डीएलएल त्यानंही गेलीच असती. फोल्डर तोच, बिन तोच. त्या रात्री सोर्स बरोबरच होता. चूक सोर्सच्या शेजारी पडून राहिलेल्या वस्तूत होती.

---

शिरोली_एमआयडीसी
बुधवार, रात्री १०:१०

हे मान्य. बिनचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण वर्कट्री केलीत तरी सेटअपची स्क्रिप्ट सुधाराच. समोर दिसेल ते उचलण्याऐवजी ठरलेल्या फायलींची यादी तिला द्या, आणि बिल्डआधी बिन रिकामं करा.

---

काटाघर
बुधवार, रात्री १०:१५

केलं आजच. यादीत नसलेली डीएलएल दिसली की स्क्रिप्ट थांबते आणि तिचं नाव सांगते.

---

पंचगंगाकाठ
गुरुवार, सकाळी ८:२५

वरचं सगळं वाचलं. माझ्या बाबतीत जे झालं ते इथं लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं ऑफिस तेव्हा व्हीनस कॉर्नरजवळ तळमजल्यावर होतं. पाणी रस्त्यावर आलं तेव्हा मी एकटीच आत होते. डेस्कटॉप एकटीला उचलेना, तो टेबलावर चढवून ठेवला आणि चालू कामाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. पाच मिनिटांत बाहेर पडले. वाटलं, कोड वाचला.

पाणी टेबलाच्या वर गेलं. आठ दिवसांनी घरच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह लावून ‘गिट लॉग’ केलं तर हा रिपोच नाही असं उत्तर आलं. मी उचलला होता तो वर्कट्रीचा फोल्डर. त्यात डॉट-गिटची ती एकच ओळ होती, डेस्कटॉपवरचा पत्ता सांगणारी. फायली होत्या, पण त्यामागचे तीन आठवड्यांचे कमिट पाण्यात गेलेल्या डिस्कवर होते. पुश केलेले नव्हते. कुठला बदल का केला होता ते आठवून आठवून परत लिहिलं.

म्हणून ज्या ज्या वर्कट्री करताय त्यांच्या ब्रँच रोज संध्याकाळी पुश करा, अर्धवट असल्या तरी. चार फोल्डर दिसतात म्हणून चार प्रती आहेत असं वाटतं, पण कोठार एकच आहे. घाईत उचलायचं असेल तर मूळ फोल्डर उचला, त्याच्या डॉट-गिटमध्ये सगळ्या ब्रँच असतात. वर्कट्रीतलं कमिट न केलेलं मात्र त्यात नसतं, तेवढं आधी कमिट करा. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा मी हेच केलं. एक ओळही गेली नाही.

---

विद्यानगर_वसतिगृह
गुरुवार, सकाळी ९:००

ताई, हे वाचून मी आत्ता चारही ब्रँच पुश केल्या.

अजून एक विचारतो. मी एक वर्कट्री फोल्डर उजवं क्लिक करून सरळ डिलीट केला होता. आता ‘वर्कट्री लिस्ट’मध्ये तिचं नाव अजून दिसतंय, आणि ती ब्रँच दुसरीकडं उघडून देत नाही.

---

पंचगंगाकाठ
गुरुवार, सकाळी ९:२०

‘गिट वर्कट्री प्रून’ कर, नाव जाईल. न करताही गिट आपल्या साफसफाईच्या वेळी अशी नावं काढतं, पण त्याला साधारण तीन महिने जातात. पुढच्या वेळी ‘गिट वर्कट्री रिमूव्ह’ वापर. कमिट न केलेलं किंवा गिटमध्ये न घेतलेलं काही आत असेल तर ते नकार देतं, ते तुझ्यासाठी चांगलं आहे. पण इग्नोर केलेल्या फायलींसाठी ते अडत नाही. डॉट-ईएनव्हीत काही खास लिहिलं असेल तर आधी बाहेर काढून ठेव. हे रिमूव्ह गिट २.१७ पासून आहे, आणि फोल्डर गेला तरी ब्रँच जात नाही.

वर्कट्री बाहेरच्या हार्ड डिस्कवर असेल तर ‘लॉक’ करून ठेव. नाहीतर डिस्क काढलेली असताना प्रून झालं तर गिट समजतं की फोल्डर गेला. आणि एक्सप्लोररमधून फोल्डर हलवला असशील तर नव्या जागी जाऊन ‘वर्कट्री रिपेअर’ चालव, दुवा परत जुळतो.

---

उद्यमनगर_जुना
गुरुवार, सकाळी ११:००

ताईंनी लिहिलेलं प्रत्येकानं दोनदा वाचावं.

सबमॉड्यूल (रिपोच्या आत जोडलेला दुसरा रिपो) वापरणाऱ्यांसाठी एक ओळ. गिटच्या स्वतःच्या कागदपत्रांतच लिहिलंय की सबमॉड्यूलचा आधार अपुरा आहे आणि अशा रिपोच्या अनेक वर्कट्री करू नयेत. तिथं मी अजूनही वेगळी क्लोनच ठेवतो.

---

काटाघर
पुढचा शुक्रवार, रात्री १२:४५

आठवडा झाला, काय झालं ते सांगतो.

आता डी ड्राइव्हवर ‘काटा’ आहे आणि आत ‘मुख्य’, ‘रिलीज’, ‘नवं’. ‘तातडी’ फक्त लागेल तेव्हा करतो आणि काम संपलं की काढतो. जुन्या तिन्ही क्लोन उडवल्या. त्याआधी प्रत्येकीत पुश न केलेलं काय आहे ते बघितलं आणि एकीत नोव्हेंबरमधली एक दुरुस्ती सापडली, कुठंच न गेलेली.

सोमवारी मात्र एका ठिकाणी अडलो, आणि ते इथं कुणी लिहिलं नव्हतं. ‘नवं’मधून प्रोग्रॅम चालवला, त्यानं सुरू होताना चाचणीच्या डेटाबेसमध्ये नवा कॉलम घातला आणि जुन्या कॉलमचं नाव बदललं. मग ‘रिलीज’मधला प्रोग्रॅम उघडला तर पहिल्याच क्वेरीला पडला. फोल्डर वेगळे केले, पण दोघांच्या खाली डेटाबेस एकच होता. आता प्रोग्रॅम डेव्हलपमेंटमध्ये असताना डेटाबेसचं नाव फोल्डरच्या नावावरून घेतो, ‘काटा_रिलीज’, ‘काटा_नवं’ असं. एकमेकांना धक्का नाही.

सिरियल पोर्टचंही तसंच. कॉम-३ एका वेळी एकच प्रोग्रॅम धरतो. दोन्ही एकदम चालवायचे असतील तर एकाला खरा इंडिकेटर आणि दुसऱ्याला आम्ही लिहिलेलं खोटं वजन पाठवणारं छोटं साधन, असं ठेवलंय.

आणि आज रात्री पावणेबाराला परत फोन आला. दुसरा कारखाना. बैलगाडीच्या पावतीवर गाडीवानाचं नाव अर्धंच छापलं जात होतं. मी ‘नवं’मध्ये एका लांबलचक फंक्शनच्या मध्यात होतो. ती खिडकी तशीच ठेवली. ‘तातडी’ केली, रिलीजच्या टोकावरून नवी ब्रँच, दुरुस्ती, स्वच्छ बिल्ड. सेटअपच्या यादीत बरोबर ११ फायली, एक कमी नाही, एक जास्त नाही. पाठवायच्या आधी जोडीदाराला उठवून त्याच्याकडून फरक वाचून घेतला. काट्यावरच्या क्लार्कनं पहिल्या पावतीचा फोटो पाठवला, नाव पूर्ण होतं. निव्वळ वजन मी स्वतः हातानं वजा करून बघितलं, जुळलं.

परत ‘नवं’ची खिडकी पुढं आणली. कर्सर त्याच ओळीवर होता.

---

उद्यमनगर_जुना
शनिवार, सकाळी ६:५०

भले. तातडी रिमूव्ह केलीस का?

---

काटाघर
शनिवार, सकाळी ७:३०

केली सर. ब्रँच पुश करून ठेवली आहे. आज जोडीदार काट्यावर जाऊन दिवसभराच्या पावत्या बघून येतोय, मग संध्याकाळी रिलीजमध्ये मर्ज करतो.